कमानीच्या मागच्या चार ओळी

लॉरेल कोव्ह, कॅरोलायना
१७ ऑक्टोबर १९९७

हॉयट,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू जोलीनला विचारत बसतोस, म्हणून लिहायला घेतलंय. आधी खुर्चीत नीट बस. लेकीला पेलाभर पाणी आणून ठेवायला सांग आणि मग पुढचं वाच.

आपली कुंभारांची भट्टी पडली. सगळी नाही, कमानीचा मागचा भाग, धुराड्याच्या बाजूचा. गेल्या शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला आत कोसळला. दीड दिवस लाकूड घालून झालं होतं, माल पिकत आला होता, मालाला चकाकी यायला आगीत सोड्याचे फवारे चालू होते. भट्टी सांभाळायची पाळी ग्रेडी मेसरची होती. मी दहा पावलांवर पाइनची फळकुटं रचत होते. मक्याचं पोतं आपटावं तसा आवाज झाला आणि वरच्या भगदाडातून आगीचा लोळ थेट शेडच्या पत्र्याला जाऊन लागला. सगळे पळाले. मीही पळाले, खोटं कशाला बोलू. ग्रेडी तेवढा उलटा फिरला. भट्टीच्या तोंडाचं लोखंडी दार लावलं, खालची हवेची भोकं एकेक करून बुजवली, तेव्हा कुठं आग दबली. नाहीतर शेड गेली असती आणि मागचं रानही. पण त्याचा उजवा हात होरपळलाय. दोन बोटं आता पूर्वीसारखी मिटणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

अकरा घरांचा माल आत होता. मागच्या अर्ध्यातलं काही हाती लागलं नाही. वँडा स्प्रोल्सच्या चाळीस बरण्या होत्या त्यात. तू गेल्यापासून भट्टीच्या मंडळाची अध्यक्षीण तीच आहे, हे तुला माहीतच आहे. तिनं लगेच भट्टीची वही उघडली. त्यात ग्रेडीनंच लिहून ठेवलंय, ‘नमुन्याची मातीची कडी बाहेर काढून बघितली, चमक कमी वाटली, ठरल्यापेक्षा दोन फवारे जास्त मारले.’ झालं. जो तो म्हणतोय, सोडा जास्त झाला आणि त्यानं कमान खाल्ली.

बुधवारी सगळे प्रार्थनेला गेले होते तेव्हा मी ढिगारा उपसून हातगाडीनं ओढ्यात नेऊन टाकला. कुणाचा पाय कापायला नको.

पुढच्या महिन्यात बैठक आहे. चार वर्षांपूर्वी कमान नव्यानं बांधलीस ती तू. ती कशानं पडली असेल, तुझं काय म्हणणं आहे ते लिहून पाठव. बहीण विचारतेय, जे असेल ते लिही.

व्हर्डी

*

ओकाला, फ्लॉरिडा
२६ ऑक्टोबर

व्हर्डी,

पाणी लागलं नाही. कॉफी लागली असती, पण ती जोलीन देत नाही. मीठ देत नाही, डुकराचं मांस देत नाही, डोंगर तर इथं नाहीच. पाठीमागं काही उभं नसलं की माणसाला झोप लागत नाही, हे इथल्या लोकांना सांगून कळत नाही.

ग्रेडीच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. हात चांगला होता त्याचा. चाकावर बसायला शिकवलं ते मीच. फर्निचरचा कारखाना बंद पडून घरी बसलेला माणूस, चाळिशी ओलांडलेली, आणि वर्षभरात माझ्या सुरयांशी बरोबरी करायला लागला. पण धीर कमी.

तू विचारलंस म्हणून सांगतो. सोडा विटेला खातो. जास्त सोडा जास्त खातो. कडी चमकली नाही तरी थांबायचं असतं, हे मी शंभर वेळा सांगितलंय. मी बांधलेली कमान तीस वर्षं चालावी अशी होती.

पण एवढा ढिगारा तू एकटीनं का उपसलास? तुझं वय काय, कंबर काय? आणि सगळ्याच विटा ओढ्यात टाकल्यास?

हॉयट

*

लॉरेल कोव्ह
९ नोव्हेंबर

हॉयट,

बैठक झाली. चर्चच्या तळघरात, तीस-बत्तीस माणसं होती. वँडानं सगळ्यांच्या देखत विचारलं, हॉयटचं काही उत्तर आलं का. मी पत्र तिच्या हातात दिलं. का दिलं, मला विचारू नकोस. तिनं सोड्याबद्दलचा तेवढा भाग वाचला आणि मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही म्हणून परत वाचला.

ग्रेडी पुढच्या बाकावर बसला होता, हाताला बांधलेलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, “हॉयट म्हणतो म्हणजे तसंच असेल.” आणि बसला. बायकोनं, लिओटानं, त्याच्या तोंडाकडंही बघितलं नाही.

मग ठरलं ते असं. वसंतात भट्टी परत बांधायची, पण दोन वर्षं ग्रेडीला पाळी नाही आणि त्याचा मालही भट्टीत लागणार नाही. हात वर करून मतं घेतली. स्वतःची भट्टी नसलेल्या कुंभाराला हे सांगणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. शनिवारच्या बाजारात बरण्या विकून त्यांचं घर चालतं. मी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही.

दोघं अजून रविवारी माझ्याकडं जेवायला येतात. घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी. तो डाव्या हातानं खातो, सांडतं, लिओटा पुसते. मी वाढत राहते आणि हवापाण्याचं बोलते.

हॉयट, परत एकदा विचारते. त्या कमानीबद्दल तुला आणखी काही सांगायचं आहे का?

व्हर्डी

*

ओकाला
२० नोव्हेंबर

व्हर्डी,

मी पत्र तुला लिहिलं होतं, वँडाला नव्हे. घरचं पत्र चर्चच्या तळघरात वाचून दाखवतात हे मला ठाऊक असतं तर शाईला हात लावला नसता.

सांगायचं होतं ते सांगितलं. मंडळानं काय ठरवायचं ते मंडळ बघेल. छातीत परत दुखायला लागलंय आणि डॉक्टरनं डोक्याला ताप करून घ्यायचा नाही म्हणून बजावलंय. यापुढं मला भट्टीचं काही लिहू नकोस.

हॉयट

*

लॉरेल कोव्ह
१४ डिसेंबर

हॉयट,

भट्टीचं लिहू नकोस म्हणालास, म्हणून लिहीत नाही. हवेचं लिहिते. थंडी कडाक्याची आहे. मागच्या आठवड्यात धो धो पाऊस झाला आणि ओढा पुलावरून वाहिला. काठाला होतं नव्हतं ते सगळं घेऊन गेला.

तुझ्या सफरचंदाच्या झाडाची फांदी मोडली. मी सुक्या सफरचंदाचा थरांचा केक केला, सात थरांचा, खायला कुणी नाही. ग्रेडी आणि लिओटा आता रविवारी येत नाहीत. त्याला चाळीस मैलांवर कोंबड्या कापायच्या कारखान्यात काम लागलंय आणि तिथंच दोन खोल्या घेतल्यात. पट्ट्यावरून कोंबड्या येतात, त्या आकड्याला टांगायच्या. एका धड हातानं कसं करतो देव जाणे. चाक विकलं. जायच्या आदल्या दिवशी लिओटा त्याची हत्यारं खोक्यात घालून माझ्या ओसरीवर ठेवून गेली. वर चिठ्ठी होती, ‘ही हॉयटची आहेत, त्याला परत द्या.’

हे भट्टीचं नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं आहे. छातीत दुखलं तर गोळी घे.

व्हर्डी

*

ओकाला
२ जानेवारी १९९८

व्हर्डी,

हे पत्र वँडाला दे. वाचून दाखवायला सांग, आणि मागच्यांना ऐकू गेलं नाही तर परत वाचायला सांग.

कमान सोड्यानं पडली नाही. माझ्यामुळं पडली.

चार वर्षांपूर्वी विटा मागवताना मी मोजणीत चुकलो. वँडानं तेव्हा विचारलं होतं, परत एकदा मोजायच्या का. मी सगळ्यांसमोर तिला हसलो होतो. म्हटलं, हॉयट ट्रॅन्थमला दोनदा मोजायला लागत नाही. कमान मागं मागं बांधत नेली आणि शेवटच्या चार ओळींना विटा पुरेनात. नव्या यायला सहा आठवडे लागणार होते आणि ऑक्टोबरची भट्टी ठरलेली होती. खरं तर सहा आठवडे थांबता आलं असतं. वँडाला तोंड दाखवायचं नव्हतं, एवढंच.

शाळेनं टाकून दिलेल्या विजेच्या भट्टीतल्या मऊ विटा माझ्याकडं पडून होत्या. हलक्या, भोकाभोकाच्या, नखानं उकरल्या तर भुगा होणाऱ्या. विजेच्या भट्टीला त्या चालतात. लाकडाच्या भट्टीत, सोड्याच्या वाफेत, त्या साखरेसारख्या विरघळतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच सगळ्यांना शिकवत आलोय. चर्चमध्ये रोज रात्री प्रवचनं असतात त्या जागरणाच्या आठवड्यात सगळे तिकडं गेले असताना मी एकट्यानं त्या चार ओळी लावल्या आणि वरून पांढऱ्या मातीचे दोन हात दिले, कुणाला कळू नये म्हणून. पुढच्या उन्हाळ्यात काढून टाकीन असं ठरवलं होतं. उन्हाळ्याच्या आत छाती धरली आणि जोलीन मला घेऊन आली. इथून एक फोन केला असता तर झालं असतं. चार वर्षं रोज वाटायचं, करावा. भट्टी टिकतेय असं कळलं की वाटायचं, टिकेल.

ग्रेडीनं दोन काय, दहा फवारे जास्त मारले असते तरी कडक विटेला काही होत नाही. त्यानं जे केलं ते वहीत लिहिलं. मी जे केलं ते लिहिलं नाही. त्याचा हात माझ्यामुळं गेला आणि वर मी त्याच्यावर खापर फोडलं. त्याला परत बोलवा.

लाज वाटते, व्हर्डी. दुसरा शब्द नाही.

हॉयट

*

लॉरेल कोव्ह
२६ जानेवारी

हॉयट,

काल पत्र वाचलं गेलं. काय झालं ते सांगते.

कुणाचा विश्वास बसला नाही.

वँडा वाचता वाचता रडायला लागली. शेवटाला आली तेव्हा निम्मी खोली डोळे पुसत होती. मग ती म्हणाली, “बघा, केवढ्या मनाचा माणूस. ग्रेडीला वाचवायला म्हातारा स्वतःवर घेतोय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. पास्तर म्हणाले, हे पत्र काचेत घालून लावायला हवं. नव्या भट्टीवर तुझ्या नावाची पाटी बसवायची हे तिथल्या तिथं ठरलं. मी उभी राहून म्हटलं की हॉयट खरं लिहितोय. तर वँडानं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, “मग त्या मऊ विटा कुठायत, व्हर्डी? एक तरी दाखव.”

आता माझं ऐक. विटा मीच नाहीशा केल्या. बुधवारी ढिगारा बघायला गेले आणि पहिलीच वीट उचलली तर हाताला वजनच लागलं नाही. पाच वर्षांची होते तेव्हापासून भट्टीच्या विटा वाहतेय मी, मला कळणार नाही होय? त्या वेळी मला ग्रेडी आठवला नाही, तू आठवलास. म्हटलं, आजारी आहे, परक्या गावात पडलाय, त्याच्याकडं नावाशिवाय काय उरलंय? हातगाडीच्या नऊ खेपा केल्या. काठाला अडकून राहिलेल्या विटा बांबूनं पाडल्या. आपण दोघं भावंडं अशी की लोक देवाचं नाव घ्यायला गेले की आपण विटा हलवतो.

तुला दोनदा विचारलं ते म्हणूनच. मला माहीत होतं. तू आपल्या तोंडानं सांगशील, मला काही सांगावं लागणार नाही, असा माझा हिशेब. आणि तुझं पहिलं पत्र वँडाला दिलं तेही रागानंच दिलं. तू खोटं बोललास म्हणून तुला लाज वाटावी, म्हणून दिलं. लाज तुला वाटायच्या आधी ग्रेडीची भाकरी गेली.

काल वँडानं विचारलं तेव्हा हे सगळं ओठांवर आलं होतं. तीस माणसं बघत होती. मी म्हटलं, “विटा कुठायत ते मला माहीत नाही.” आणि खाली बसले.

व्हर्डी

*

ओकाला
२ फेब्रुवारी

व्हर्डी,

आयुष्यात मी एकदाच सगळं खरं लिहिलं आणि त्याला पाटी मिळाली.

तुझ्यावर मला राग धरता येत नाही, तेवढा साव मी उरलोच नाही. पण तू उठ आणि सांग. बैठकीची वाट बघू नकोस, बुधवारच्या प्रार्थनेला सांग. नाही सांगितलंस तर मी जोलीनला न कळवता बसमध्ये बसतो, आणि मग वाटेत मेलो तर तेही तुझ्यावर. धमकी समज. थोरल्या भावाची समज.

आणि ग्रेडीकडं जा. मला इथून जाता येत नाही. तू जा.

हॉयट

*

लॉरेल कोव्ह
१६ फेब्रुवारी

हॉयट,

बसमध्ये बसू नकोस. सांगितलं.

बुधवारी प्रार्थना संपली तशी उभी राहिले आणि बोलले. नऊ खेपा, बांबू, सगळं. कुणी रडलं नाही. वँडा म्हणाली, “चाळीस बरण्या गेल्याचं मला काही नाही, व्हर्डी. त्या माणसाविरुद्ध मी हात वर केला.” पाटी रद्द झाली. ग्रेडीवरची बंदी उठली आणि वसंतातल्या पाळ्यांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर लिहिलं. काल चर्चमध्ये माझ्या शेजारी बाकावर कुणी बसलं नाही. ठीक आहे. बसायला नकोच होतं.

शनिवारी मी त्याच्याकडं गेले. रस्त्याला लागून दोन खोल्या, कोंबड्यांचा वास. त्याचं काम सुटून तो नुकताच आला होता. लिओटानं खुर्ची दिली आणि आत निघून गेली. वाटेत मी काय बोलायचं ते घोकत आले होते. विटा मऊ होत्या, एवढंच म्हटलं, तर तो म्हणाला, “मला माहीत होतं, व्हर्डीबाई.”

दवाखान्यातून सुटून आला त्याच दिवशी, मंगळवारी, तो भट्टीवर गेला होता. धुराड्याच्या बुडाशी एक वीट बाहेर पडली होती. ती त्यानं डाव्या हातानं उचलली, नखानं उकरली आणि होती तिथं ठेवून दिली. गुरुवारी परत गेला तर ढिगारा झाडून साफ. हातगाडीच्या चाकाची खूण ओढ्यावरून माझ्या अंगणापर्यंत आली होती.

मी विचारलं, “मग बैठकीत उभा राहून हॉयट खरं सांगतो असं का म्हणालास?” तो म्हणाला, हॉयटनं त्याला चाकावर बसवलं, त्याचं नाव आपल्या तोंडानं घालवायचं त्याच्या मनात आलं नाही. ते हॉयटनं करावं, नाहीतर त्याच्या बहिणीनं. आणि बहीण त्याच खोलीत बसली होती.

मी त्याला यादीचं सांगितलं. सगळ्यात वर नाव लिहिलंय म्हटलं. त्यानं मान हलवली आणि येणार नाही म्हणाला. हात हे कारण नाही, तो म्हणाला, डाव्या हातानं लाकूड घालता येतं. मी म्हटलं, हॉयटवर तुझा राग असणार, तो रास्तच आहे. तर म्हणाला, नाही. हॉयट लांब होता, आजारी होता, त्याला आमचं तोंड दिसत नव्हतं.

मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते, कारण दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

“चार रविवार तुमच्याकडं जेवलो मी, व्हर्डीबाई. दर रविवारी येताना लिओटाला म्हणायचो, आज बोलतील. आणि तुम्ही मला वाढत होता.”

मी उठून आले. त्याचा पत्ता खाली लिहिलाय. तुला काही सुचलं तर मला लिहू नकोस, त्याला लिही.

व्हर्डी